हत्तिणीचा हौदा

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. रिकामी पिशवी आपण खुंटीला अडकवतो, तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी, आणि एक दिवस बघतो तर खुंटीच वाकलेली. आमच्या शेजारच्या आप्पांचे आणि त्यांच्या गाडीचे किस्से माझ्याकडे असेच अडकत गेले. मी सातवी शिकलेली बाई. लिहायची सवय नाही. पण खुंटी वाकायला आलीय, म्हणून बसलेय.

तेव्हा गल्लीत फोन फक्त आमच्याकडे होता. मोबाइल अजून यायचा होता. अख्ख्या गल्लीचे निरोप आमच्या घरात यायचे, आणि निरोप देता देता थोडे माझ्याकडेही राहायचे, हे मी कबूल करते. त्या दिवशी अकराच्या सुमारास फोन वाजला. शेजारचा मल्लू, मलकापूरच्या एसटीडी बूथवरून.

"काकू, सुरेखाला सांगा... आप्पा..." खर्रर्र. "...बॉडी..." परत खर्रर्र. "...बसवूनच आणतोय. तीनपतोर पोचतो."

आणि लाइन तुटली.

मल्लू म्हणजे आप्पांचा एकुलता मुलगा, बाजार समितीत क्लार्क. सुरेखा त्याची बायको. आप्पा त्याच दिवशी सकाळी त्याच्याबरोबर मलकापूरला गेले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, हृदय नाजूक झालंय, एसटीचे दणके नकोत. तरी गेले होते. आणि घर लिंगायताचं. त्यांच्यात माणूस गेलं की आडवं नेत नाहीत, बसवून नेतात.

मी रिसीव्हर खाली ठेवला. मग जे करायला नको होतं तेच केलं. सुरेखाकडं जायच्या आधी खिडकीतून समोरच्या वहिनींना हाक मारली!

त्या बातमीचं काय झालं ते शेवटी सांगते. आधी गाडी कळली पाहिजे.

*

गाडी म्हणजे जुनी अमेरिकन पिकप. आप्पांनी तरुणपणी लिलावात घेतलेली. गोल नाक, करडा रंग, मोठे दिवे. गल्लीनं तिचं नाव ठेवलं हत्तीण. हत्तिणीच्या पाठीवर लाकडाचा हौदा, आणि त्यात कोडोलीच्या गुऱ्हाळातून शाहूपुरीच्या पेठेत जाणारे गुळाचे रवे, म्हणजे ढेपा. तीस वर्षं गूळ वाहून वाहून हौद्याच्या फळ्या इतक्या मुरल्या होत्या, की गाडी रिकामी उभी असली तरी मुंग्यांची रांग लागायची. आप्पा म्हणायचे, "गाडी माझी, पर हौदा मुंग्यांचा."

आप्पांची बायको, सगळ्यांची अव्वा, नेसरीची. लग्नानंतर ती याच हौद्यात बसून कोल्हापूरला आली. पुढच्या सीटवर सासरा बसलेला, मग नवरीनं कुठं बसायचं? पण पुढं सासरा गेला, सीट रिकामी झाली, तरी अव्वा मागेच बसायची. डाव्या कोपऱ्यात, केबिनला पाठ लावून. तिथं फळीला लोहाराकडून घडवून घेतलेला एक वाकडा खिळा होता. त्याला ती आपली कापडी पिशवी अडकवायची. तो खिळा तिच्यासाठी आप्पांनी स्वतः मारलेला.

मी एकदा विचारलं, "अव्वा, फुडं का बसत न्हाईस गं?"

म्हणाली, "फुडं बसलं की जायाचं गाव दिसतंय. मागं बसलं की आपलं गाव दिसतंय."

असं बोलायची. मग घरात जाऊन भाकरी थापायची.

*

मल्लूला इंग्रजी शब्दांची आवड. तो हौद्याला 'बॉडी' म्हणायचा. ट्रकवाले, टेम्पोवाले सगळे म्हणतात तसंच. आप्पांना ते अजिबात खपायचं नाही.

"आप्पा, गाडीची बॉडी पार किडली हो."

"बॉडी माणसाची असती, मल्लू. गाडीला हौदा असतो."

"एकच की हो ते."

"एकच? मग मी मेल्यावर काय म्हणशील, आप्पांचा हौदा उचला?"

दोघंही हसायचे. हे भांडण मी किमान पन्नास वेळा ऐकलंय. तेव्हा दोघं बोलायचे एकमेकांशी.

*

अव्वा गेली आणि आप्पांनी गाडी चालवणं सोडलं. रोज संध्याकाळी पायरीवर बसून हत्तिणीकडं बघत राहायचे. वर्षाच्या आत त्यांना ॲटॅक आला, दवाखान्यात ठेवलं. मल्लूच्या मनात आलं, आप्पा घरी यायच्या आत गाडी नवीकोरी करू. इंजिन उघडलं, रंगाला माणूस बोलावला, आणि किडका हौदा उचकटून फळ्यांचा ढीग अंगणात घातला.

मला म्हणाला, "काकू, ह्याचं काय करू?"

मी म्हटलं, "किडकं लाकूड हाय. बंबाला घाल की!"

हे मीच म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही.

आप्पा घरी आले. पहिल्या दिवशी सुरेखानं अंघोळीला पाणी काढून दिलं. परसात बंब पेटलेला. आप्पांनी एक तांब्या अंगावर घेतला आणि थांबले. आतून आवाज आला, "आज गुऱ्हाळ कुठं लागलंय गं? धुराला गुळाचा वास येतोय."

मल्लू आनंदात होता. म्हणाला, "गुऱ्हाळ न्हवं आप्पा. जुन्या बॉडीच्या फळ्या. आता नवी करायची आपण!"

तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला. आप्पा अर्ध्या अंघोळीनंच बाहेर आले. अंगणात हत्तीण उघड्या पाठीनं उभी होती. आप्पा तिच्या डाव्या बाजूला गेले.

"खिळा कुठाय?"

"कसला खिळा, आप्पा?"

त्यानंतर चौदा महिने आप्पा मुलाशी बोलले नाहीत.

*

एका घरात राहून न बोलणं म्हणजे सोपं काम नाही. त्याला मधला माणूस लागतो. तो माणूस मी! रोज जेवायच्या वेळी काहीतरी निमित्त काढून मी त्यांच्या उंबऱ्यात.

"मालन, त्याला सांग, मीठ सरकव म्हणावं."

मल्लू दोन हातांवर बसलेला. मी सांगायची, "मल्लू, मीठ."

"काकू, आप्पांना सांगा, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय."

"आप्पा, मीठ कमी करायला सांगितलंय."

"ऐकू आलं मला. भैरा न्हाय मी."

आमचे हे म्हणायचे, "गाडीला स्टेपनी असती, तशी तू त्या घराला. पर स्टेपनी पंक्चर झाल्यावर काढत्यात, रोज न्हाय!"

मध्ये मी चार दिवस भावाकडं गेले. परत आल्यावर सुरेखाला विचारलं, "कसं चाललंय गं?"

म्हणाली, "काकू, चार दिवस दोघांनी आळणी खाल्लं!"

मी हसले. ती हसली नाही. पदरानं डोळे पुसले आणि भांडी घासायला गेली.

*

मल्लूनं हट्ट सोडला नाही. हौदा परत आणला की आप्पा बोलतील, एवढंच त्याच्या डोक्यात. रविवार आला की निघालाच.

पहिल्यांदा त्यानं एका नव्या टेम्पोचा पत्र्याचा हौदा आणला. चकचकीत, निळा. अंगणात उतरवून घेतला. गल्ली बघायला जमली. आप्पा काठी घेऊन आले, पत्र्यावर टक टक केलं, कान लावला.

"मालन, त्याला सांग, हे डबडं हाय. ह्यात रवं ठेवलं तर उन्हात काकवी हुईल."

"काकू, आप्पांना सांगा, आता रवं कुठं न्यायचं हाय आपल्याला?"

आप्पा काठी टेकत आत गेले. मल्लूनं संध्याकाळी पत्रा परत पाठवला.

*

मग कुणीतरी सांगितलं, कोडोलीत एका मळ्यात अगदी अशीच पिकप पडलीय, हौद्यासकट. मल्लूला रात्रभर झोप नाही. आम्ही तिघं एसटीनं गेलो. आप्पा एका सीटवर, मल्लू तीन सीट मागे, मी मध्ये. मला कशाला नेलं विचारू नका. मीच गेले.

गाडी गंजून गेलेली. पण हौदा शाबूत! मालकानं तो काढून गोठ्यात नेला होता आणि त्याची गव्हाण केली होती. दोन म्हशी त्यात तोंड घालून कडबा खात होत्या. मल्लूनं खाली वाकून कंपनीचा शिक्का बघितला आणि जवळजवळ ओरडलाच, "ओरिजनल हाय, काकू! ओरिजनल!"

मालक भला माणूस. म्हणाला, "पावणं, घेऊन जावा की. म्हशीस्नी काय, सिमेंटची बांधीन."

आप्पा म्हशींकडं बघत होते. एकीनं मान वर केली, त्यांचा हात हुंगला, परत खाली घातली.

"मालन, मालकांना सांग, खात्या तोंडचं काढून घ्याचं न्हाय."

आणि चालायला लागले.

परतीच्या एसटीत मल्लू माझ्या कानाशी येऊन म्हणाला, पण आप्पांना ऐकू जाईल असं, "काकू, सांगा आप्पांना. ओरिजनल हुता तो."

आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मालन, त्याला सांग. ओरिजनल घरात हुता."

पुढं कोल्हापूर येईपर्यंत कुणी बोललं नाही. मीसुद्धा!

*

शेवटी मलकापूरच्या बाबू मिस्त्रीचं नाव निघालं. रत्नागिरी रोडला त्याचं दुकान. ट्रकांचे लाकडी हौदे बांधणारी तशी माणसं तेव्हाही कमीच उरलेली. त्याच्याकडं आम्ही गेलो तेव्हा तो रंधा मारत होता. मल्लूनं वहीतली मापं वाचायला सुरुवात केली. लांबी एवढी, रुंदी एवढी, फाळका एवढा. फाळका म्हणजे मागची पाडायची फळी.

मिस्त्री रंधा न थांबवता म्हणाला, "ही गाडीची मापं झाली. हौद्याचं माप मालावरनं घेत्यात. भरणार काय?"

मल्लू गडबडला. "भरायचं काय न्हाय, मिस्त्री. आप्पांच्या मनासाठी करायची बॉडी."

"मनाचं माप मला येत न्हाय. माल सांगा."

मल्लूनं माझ्याकडं बघितलं. मी मल्लूकडं. लोक म्हणतात, मालनला सगळ्या गल्लीचं माहीत असतं, पण ह्याचं उत्तर मलाही माहीत नव्हतं.

मागं बाकावर आप्पा बसलेले. घसा साफ केला.

"मालन, मिस्त्रीला सांग. तीस रवं, आन् एक बाईमाणूस."

रंधा थांबला. मिस्त्रीनं आप्पांकडं बघितलं, कानावरची पेन्सिल काढली आणि फळीवर आकडे लिहायला लागला. एकही प्रश्न विचारला नाही. फक्त शेवटी एकदा म्हणाला, "बाईमाणूस कुठल्या बाजूला?"

"डावीकडं," आप्पा म्हणाले. "केबिनला पाठ लावून."

*

आता माझं एक पाप सांगते.

त्यांच्या बंबाची राख मी भांडी घासायला न्यायची, पहिल्यापासून. हौदा जाळला त्या आठवड्यात राखेत हात घातला तर काहीतरी टोचलं. बघते तर खिळा. लोहाराचा, वाकडा, चौकोनी डोक्याचा. आगीनं काळा पडलेला, पण जसाच्या तसा.

तेव्हाच नेऊन दिला असता तर? पण मला भीती वाटली. खिळा निघाला की राख निघणार, राख निघाली की 'बंबाला घाल' कुणी सांगितलं ते निघणार. मी तो हळदीच्या डब्यामागं लपवून ठेवला. बातमी मी तासभर पोटात ठेवू शकत नाही, आणि खिळा चौदा महिने ठेवला!

हत्तीण मलकापूरला गेली. तशीच, उघड्या पाठीनं, मल्लू एकटा चालवत घेऊन गेला आणि मिस्त्रीच्या दारात ठेवून आला. हौदा तयार झाल्याचा निरोप आला, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी मल्लूला जिन्याखाली गाठलं आणि खिळा हातात दिला.

त्यानं खिळा तळहातावर उलटासुलटा करून बघितला. मला वाटलं आता ओरडेल. ओरडायलाच हवं होतं.

म्हणाला, "काकू, ह्यो मला माहीतच नव्हता हो. आई तिथं पिशवी अडकवती, रोज बघत हुतो. खिळा कधी बघितलाच न्हाय."

शर्टाच्या खिशात ठेवला आणि वर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं एसटीला निघाले. आप्पांच्या काखेत अव्वाची कापडी पिशवी होती. मला वाटलं, औषधं असतील. मी जाणार होते, पण नेमका गुडघा सुजलेला. काही घडायचं असलं की मी नसते!

*

तर तो फोन.

समोरच्या वहिनींना मी एवढंच म्हणाले, "आप्पा गेलेत वाटतं." त्यातलं 'वाटतं' त्यांच्या दारातच पडलं. अर्ध्या तासात सतरंजी अंथरली गेली. कुणी हार आणला, कुणी विधीसाठी जंगमस्वामींना बोलावलं, कुणी नेसरीला पाहुण्यांना कळवायला माणूस पाठवला. सुरेखाला मी जवळ घेऊन बसले. ती रडत रडत एकच म्हणत होती, "न बोलता गेलं हो, काकू. न बोलता गेलं."

बंबाचा धूर तिथं बसल्या बसल्या माझ्या नाकात येत होता.

तीन वाजता हत्तीण गल्लीच्या तोंडाशी आली. सावकाश. मिरवणुकीला चालावी तशी. केबिनमध्ये मल्लू एकटा, डोळे लाल, समोर बघत. बायकांनी तोंडाला पदर लावले.

गाडी पुढं सरकली तसा नवा हौदा दिसला. तेलपाणी केलेलं लाकूड, कडेला लोखंडी पट्ट्या. आणि आत, डाव्या कोपऱ्यात, दोरीनं घट्ट बांधलेली वेताची खुर्ची. केबिनला पाठ. खुर्चीत आप्पा. अंगावर शाल, कपाळाला भस्म, डोळे मिटलेले. गाडी खड्ड्यातून गेली तशी मान एका बाजूला कलली.

सगळ्यांनी हात जोडले. पुरुषांनी टोप्या काढल्या. मल्लू खाली उतरेना, स्टिअरिंग धरून सतरंजीकडं बघत बसून राहिला. बातमी माझी होती, म्हणून हार माझ्याच हातात दिला. कुणीतरी स्टूल ठेवलं. दुखरा गुडघा घेऊन मी वर चढले आणि आप्पांच्या गळ्यात हार घातला.

ओला हार मानेला लागला, आणि आप्पांनी डोळे उघडले!

माझ्या पायाखालचं स्टूल हाललं, मी फाळका धरला. खाली कुणीतरी किंचाळलं. आप्पांनी हाराकडं बघितलं. सतरंजीकडं, जंगमस्वामींकडं, सुरेखाकडं बघितलं.

"मालन," हळूच विचारलं, "कोण गेलं गं?"

मी म्हटलं, "आप्पा... मल्लूचा फोन आलता... म्हणाला, बॉडी बसवूनच आणतोय..."

आप्पांच्या खांद्याशी, नव्या फळीवर, काळा वाकडा खिळा होता. त्याला अव्वाची पिशवी अडकवलेली. गाडी थांबली होती तरी ती अजून हलत होती.

मग आप्पा वळले. खुर्चीतून जेवढं वळता येईल तेवढं. आणि केबिनच्या पत्र्यावर जोरात थाप मारली.

"मल्लू! किती डाव सांगितलं तुला? बॉडी माणसाची असती. गाडीला हौदा असतो!"

सुरेखाचा हात तोंडावर गेला.

केबिनचं दार उघडलं. मल्लू खाली उतरला, मागं आला, दोन्ही हातांनी फाळका धरून उभा राहिला.

"व्हय आप्पा," म्हणाला. "हौदा."